शून्याचं बटण

१

बाळ्याचं एक ठाम मत होतं. मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. ई-मेल अडलाय म्हणून गळे काढणाऱ्या इतक्या कचेऱ्या त्यानं पालथ्या घातल्या होत्या की हे मत आता हलणं शक्यच नव्हतं. "मी कशाला हातसुद्धा लावला नाही हो," असं कोणी शपथेवर सांगितलं की बाळ्या आधी त्याच माणसाच्या टेबलाखाली वाकायचा, आणि बहुतेक वेळा निघालेली वायर तिथेच लोळत असायची. त्यामुळे वजनकाट्यांच्या कारखान्यातून सकाळी सकाळी ताईचा फोन आला, तेव्हा गडी बिलकुल गडबडला नाही.

"मेल बंद पडलेत. आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही," ताई म्हणाली.

"कोणी हात लावला?"

"मी लावला. पायानं. ये मुकाट्यानं."

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा बाळ्या चड्डीत होता. पुढचं सगळं ताईनं केलं. डबे, फिया, तापातली जागरणं, आणि वर यथेच्छ टिंगल. शाळा सुटायच्या आधीच ती फाटकापाशी येऊन थांबलेली असायची. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, वैतागलेली, पण थांबलेली. कौतुक मात्र तिच्या तोंडून कधी निघालं नाही. बाळ्याचा वर्गात पहिला नंबर आला तरी "चालेल", त्यानं पहिला सर्व्हर उभा केला तरी "चालेल". त्या एका "चालेल"साठी बाळ्या अजूनही मर मर मरायचा. ताई सोडली तर त्याला दुसरं होतं तरी कोण?

या कारखान्यात ताई गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार सांभाळायची आणि तिच्याच शब्दावर इथल्या नेटवर्कचं काम बाळ्याकडे आलं होतं. काटे जोडायची एक लांब खोली, तिला लागून काचेच्या भिंतीमागे चार-पाच टेबलांची कचेरी, एवढाच सगळा पसारा. दार एकच, आणि दारातच जमिनीत बसवलेला मोठा काटा. पायाखाली पोलादी प्लेट, बाजूच्या खांबावर लाल आकडे. आत येणाऱ्या प्रत्येकानं त्या प्लेटवर क्षणभर थांबायचं, हा इथला रिवाज. माणसांची वजनं रोज जिथल्या तिथे निघाली म्हणजे काटा ठीक आहे, असा साधा हिशेब. खांबाशेजारी स्टुलावर काटेमास्तर बसायचे. काटे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहायची नाहीत, आकडे राहायचे.

"आले का, सत्तर?" बाळ्याला बघून ते म्हणाले. प्लेट करकरली. मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "एकाहत्तर! लग्नबिग्न ठरलं की काय?"

"तुमचा काटा बिघडला असेल, मास्तर."

हा विनोद मास्तरांना एरवी आवडायचा. आज त्यांचा चेहरा पडला. "कालपासून खरंच काहीतरी बिघडलंय. विक्रीचे काका आहेत ना, आमचे ब्याण्णव? ते उभे राहिले की शून्य दाखवतो. बाकी सगळ्यांना बरोबर. दोनदा उघडून बघितला. कुठे काही सापडत नाही."

"काकांचा व्यायाम लागू पडला म्हणायचा," असं म्हणून बाळ्या हसत हसत आत गेला.

२

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता. खोली म्हणजे काय, झाडू आणि बादल्या ठेवायची जागा. त्यातच एक टेबल आणि एक खुर्ची घुसवलेली. पंख्याची घरघर ऐकूनच बाळ्याला कळलं, बिचाऱ्याला दम लागलाय. त्यानं स्क्रीन सुरू केली. डिस्क तुडुंब भरली होती. बाहेर जाणाऱ्या मेलची न संपणारी रांग, आणि ती सगळी एकाच माणसाच्या नावावर. विक्रीचे काका. प्रत्येक मेलमध्ये तेच ते.

"मी सध्या जागेवर नाही. आल्यावर उत्तर देईन."

बाळ्यानं मांडीवर थाप मारली. जुनाच रोग! कोणीतरी रजेवर जाताना आपल्या मेलला आपोआप उत्तर द्यायला सांगून जातं. समोरच्या कंपनीचं मशीनही तेवढंच सभ्य असतं. ते म्हणतं, आपला मेल मिळाला, आभारी आहोत. यावर हे म्हणतं, मी जागेवर नाही. त्यावर ते पुन्हा आभारी. दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अडकलेल्या दोन पाहुण्यांसारखं हे रात्रंदिवस चालतं आणि मधल्यामध्ये सर्व्हरचा जीव जातो.

काका आपल्या खुर्चीत आरामात रेलून बसले होते. दोन्ही हात मांडीवर. समोर चहा, त्यावर जाड साय धरलेली.

"काय काका, रजा घेतलीत आणि इथेच येऊन बसलात?"

"मी आणि रजा? रजेच्या दिवशी बायको घरात घेत नाही रे बाबा!" काका खदाखदा हसले.

बाळ्यानं त्यांच्या कॉम्प्युटरवर सेटिंग उघडून पाहिलं. आपोआप उत्तर द्यायची सोय बंद होती. कधी चालू केल्याची खूणही नव्हती. त्यानं तिथेच उभं राहून आपल्या फोनवरून काकांना एक मेल टाकला. फोन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. मी सध्या जागेवर नाही. आणि काका तर हाताच्या अंतरावर, तोंडभर हसत बसलेले.

"जुना काहीतरी कचरा राहिलाय सर्व्हरवर," बाळ्या म्हणाला. "मुळापासून उपटतो."

तो जिन्याखाली परतला तेव्हा ताई मागोमाग आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"बाळ्या, काकांचं काहीतरी बिनसलंय."

"काकांचं नाही, मेलचं."

"शहाणपणा नको. कालपासून चहाला हात लावलेला नाही त्यांनी. कशालाच लावलेला नाही. नुसते बसतात आणि हसतात. माझ्या जिवाला काही बरं वाटत नाहीये." तिनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. "तू नीट बघ. घाई करू नकोस."

"ताई, हे माझं काम आहे की तुझं?"

त्याच वेळी दाराकडून प्लेट करकरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मास्तरांची हाक. "अरे, हे बघा काय नवीन! रिकाम्या प्लेटवर ब्याण्णव दाखवतोय!"

"मास्तर, मी इथे बसलोय आणि तिथे उभा पण आहे होय?" काका खुर्चीतून ओरडले आणि सगळी कचेरी हसली. ताई तेवढी हसली नाही.

काट्यावर काही नसताना आकडा दिसला तर काटेवाला काय करतो? शून्याचं बटण दाबतो. हातालाच सवय असते, डोक्यापर्यंत गोष्ट जातच नाही. मास्तरांनी बटण दाबलं. टुक्. इकडे बाळ्यानं काकांचं खातं मुळासकट काढलं आणि त्याच नावाचं नवं कोरं उघडलं. रांग रिकामी झाली, पंख्याचा आवाज उतरला, अडलेले मेल भराभर सुटले.

"झालं!" बाळ्यानं हात झटकले. "बोल, कसं काय?"

"चालेल," ताई म्हणाली. पण तिचं लक्ष दाराकडे होतं.

३

पुढच्या आठवड्यात फोन आला तो मालकीणबाईंचा. मेल पुन्हा अडले होते. बाळ्याला जरा लागलंच. ताईनं का नाही केला फोन? पण तो विचार त्यानं झटकला आणि निघाला.

दारात मास्तर काट्याचं झाकण उघडून आत डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "एकाहत्तर," एवढंच म्हणाले.

कचेरीत शिरताच बाळ्याला काकांचं टेबल दिसलं. खुर्ची आत सारलेली. टेबलावर धुळीचा पातळ थर.

"काका कुठायत?" त्यानं पलीकडच्या टेबलावरच्या हिशेबनिसाला विचारलं.

"काका? आत्ता होते."

"आत्ता म्हणजे?"

"आत्ताच की. असतील बाहेर." हिशेबनीस पुन्हा आपल्या कामात गढला.

बाळ्यानं मालकीणबाईंना विचारलं. त्याही म्हणाल्या, आत्ता होते. मास्तरांना विचारलं. ते झाकणातूनच म्हणाले, आत्ताच गेले. सगळे अगदी सहज बोलत होते, कोणाच्या कपाळावर आठी नव्हती. बाळ्यानं टेबलावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. ही "आत्ता"ची धूळ नव्हती.

आपल्या टेबलाशी ताई बसली होती. खुर्चीत रेलून. दोन्ही हात मांडीवर.

"आलास?" ती गोड हसून म्हणाली.

"तू फोन का नाही केलास?"

"मालकीणबाईंनी केला ना. काका आत्ता होते रे. तू काम कर. छान करतोस तू काम."

बाळ्या जिन्याखाली जाऊन बसला. "छान करतोस." उभ्या जन्मात हे दोन शब्द ताईच्या तोंडून त्यानं ऐकले नव्हते. बरं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र नाही.

त्यानं स्क्रीन सुरू केली. डिस्क तुडुंब. न संपणारी रांग, एकाच नावावर. नाव वाचायच्या आधीच त्याला ते माहीत होतं. ताईचं.

"मी सध्या जागेवर नाही. आल्यावर उत्तर देईन."

४

आता इथे दुसरा कोणी असता तर त्यानं पळ काढला असता. बाळ्या तसल्यातला नव्हता. त्यानं स्वतःलाच दटावलं. अरे, डोकं ठिकाणावर आण. मेल एकीकडे, काटा दुसरीकडे. दोन मशीन एकाच वेळी बिघडू शकतात. ताईला बरं नसेल. बरं नसलं की माणूस गोड बोलतोही. काका रजेवर असतील आणि ही मंडळी त्याची फिरकी घेत असतील. प्रत्येक गोष्टीला साधं कारण होतं. फक्त इतकी साधी कारणं एकदम लागत होती, तेवढंच काय ते खटकत होतं.

तो उठला आणि सरळ ताईपाशी गेला. "ऊठ. माझ्याबरोबर दारापर्यंत चल."

"कशाला रे?"

"चल म्हणतो ना."

त्यानं तिचा हात धरला. नखाजवळचा तो जुना भाजल्याचा डागही जागच्या जागी होता. हात ऊबदार होता. लहानपणी कपाळावर ठेवायची, अगदी तसाच. बाळ्याच्या जिवात जीव आला. बघ, त्यानं मनाशी म्हटलं, उगाच घाबरलास. वाटेत टेबलाच्या कोपऱ्यापाशी फरशी सैल होती आणि तिच्यावर पाय पडला की ती ठक् वाजायची, ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या पायाखाली ती वाजली. मागून ताई त्याच फरशीवरून आली. फरशी गप्प राहिली.

"मास्तर, झाकण लावा. ताई उभी राहतेय."

ताई प्लेटवर उभी राहिली, हसत. प्लेट करकरली नाही. खांबावर लाल शून्य तसंच.

"बघा! हेच, हेच!" मास्तर वैतागून म्हणाले. "आधी ब्याण्णव, आता त्रेसष्ट. सोमवारपासून हा ताप. आणि मधूनच रिकाम्या प्लेटवर आकडा चढतो, तो पाहायला जावं तर उतरतो. या वेळी सापडला की शून्य करतो आणि सोडतो त्याला."

बाळ्यानं ताईचा हात सोडला नाही. तसाच तो तिच्या शेजारी प्लेटवर चढला. प्लेट करकरली. लाल आकडे भराभर वर गेले आणि थांबले.

एकाहत्तर.

दोघं मिळून एकाहत्तर.

"बिघडलाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर शोधायला घेतला. हयातभर ज्या माणसानं काट्यावर विश्वास ठेवला, त्यालाही आज माणसावर शंका घेता येत नव्हती. काट्यावर घेणं सोपं होतं.

"बिघडलाय रे," ताई गोड आवाजात म्हणाली. तिचा हात अजून ऊबदारच होता.

मशीन खोटं बोलत नाही. बाळ्याला आपलंच वाक्य आठवलं आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

५

तो जिन्याखाली परतला. पंखा घरघरत होता. ताईच्या खात्यावर बोट ठेवून त्यानं ते निवडलं. स्क्रीननं विचारलं, कायमचं काढू का? हो म्हणायची खूण समोर लुकलुकत होती. सवयीनं त्याचा हात बटणावर गेलाही.

"काढून टाक," मागून आवाज आला.

ताई दाराच्या चौकटीत होती. कधी आली ते कळलं नव्हतं. दोन्ही पायांवर अगदी सरळ उभी, एखादी कोपऱ्यात ठेवलेली छत्री असावी तशी स्थिर.

"काढ बाळ्या. मुळापासून. किती हुशार आहेस तू. मला तुझा फार अभिमान आहे."

बाळ्यानं बटणावरचं बोट उचललं. त्याला रडू आलं. कोणालाही येईल. आयुष्यभर जे ऐकायला कान आसुसले, ते अखेर ऐकायला मिळालं, आणि ते ताईचं नव्हतं.

त्याला काकांचं टेबल आठवलं. काकांची ती उत्तरं आपण बंद केली. त्या बिचाऱ्याची तेवढी एकच वाट चालू होती आणि ती आपण या हातानं बुजवली, वर हात झटकले. आणि त्याच वेळी तिकडे दारात मास्तरांनी त्या ब्याण्णवचं शून्य केलं होतं. घाई करू नकोस, ताई म्हणाली होती. नीट बघ, म्हणाली होती.

खिशातून फोन काढून, चौकटीकडे न बघता, त्यानं ताईच्या पत्त्यावर मेल लिहिला. "ताई, मी आलोय. हे काढून टाकू का?"

फोन लगेच थरथरला.

"मी सध्या जागेवर नाही. आल्यावर उत्तर देईन."

बाळ्याचे खांदे पडले. मशीनच ते, त्याला काय कळतंय? तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. त्याच पत्त्यावरून दुसरा मेल, तोच मजकूर, आणि त्याखाली आणखी एक ओळ.

"मी सध्या जागेवर नाही. आल्यावर उत्तर देईन. तोवर कशाला हात लावलास ना, तर फोडून काढीन."

बाळ्याला हुंदका आला आणि हसूही आलं. ही ताई! नखशिखांत ताई! त्यानं स्क्रीनवर नाही म्हणायची खूण दाबली, आणि नाही म्हणताना इतकी खात्री त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

"काय आलं रे त्यात?" चौकटीतून विचारणा झाली. आवाज तेवढाच गोड होता.

तेव्हाच दाराकडे प्लेट करकरली.

६

"सापडला लेकाचा!" मास्तर ओरडले. "रिकाम्या प्लेटवर त्रेसष्ट! थांब, आता तुझं शून्यच करतो!"

बाळ्या चौकटीतून कसा निघाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तिथे उभ्या असलेल्या बाईला त्याचा खांदा लागायला हवा होता. काही लागलं नाही, नुसती ऊब लागली. ठक् करून फरशी वाजली, कोणाच्या टेबलावरचे कागद उडाले, मालकीणबाई "अरे, अरे" म्हणाल्या, आणि मास्तरांचं बोट बटणाला टेकणार तोच बाळ्यानं त्यांचं मनगट पकडलं.

"मास्तर, हात लावू नका!"

"अहो, पण काट्यावर कोणी नाही!"

"आहे."

काट्यावर कोणी नव्हतं. पोलादी प्लेट, तिच्यावर दारातून आलेलं दुपारचं ऊन, बस्स. खांबावर लाल त्रेसष्ट. बाळ्या बघत राहिला. आकडा किंचित हलला. बासष्ट. मग चौसष्ट. मग पुन्हा त्रेसष्ट. प्लेटच्या डाव्या अंगाला बारीक करकर, मग उजव्या अंगाला, मग डाव्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर. वैतागलेली, पण थांबलेली.

"ताई," तो रिकाम्या प्लेटला म्हणाला. "जागची हलू नकोस. मी आहे."

"नाही हलत हो," अगदी त्याच्या कानामागून उत्तर आलं. सैल फरशी वाजली नव्हती.

त्याच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. ताईचा हात, नखाजवळच्या भाजल्याच्या डागासकट. तो सावकाश शून्याच्या बटणाकडे निघाला. बाळ्याच्या एका हातात मास्तरांचं मनगट होतं. दुसरा तळहात त्यानं बटणावर झाकण ठेवल्यासारखा ठेवला. वरून तो हात त्याच्या हातावर टेकला आणि दाबू लागला. ऊबदार होता. वजन मात्र काडीचंही नव्हतं.

"दाबा की हो मास्तर," कानामागचा आवाज लाडानं म्हणाला. "तुमचा काटा बिघडलाय."

मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं, मग आकड्याकडे पाहिलं. बाळ्याच्या मुठीतल्या त्यांच्या मनगटाची ओढ थांबली.

मागे वळून बघायचं नाही, एवढं बाळ्यानं ठरवून टाकलं. ताईला यायला किती वेळ लागेल, त्याला ठाऊक नव्हतं. तासभर लागेल, रात्र होईल, उद्याही उजाडेल. हरकत नव्हती. शाळेच्या फाटकातून तो बाहेर येईपर्यंत ताई कधी घरी गेली नव्हती.

तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा राहिला.